असेंबल पीसीचा मॉनिटर: कोटेशनची शेवटची ओळ आधी भरा

लातूर असो, जालना असो की संभाजीनगर, असेंबल पीसीचं कोटेशन सगळीकडे सारखंच दिसतं. प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल, रॅमचा वेग, एसएसडीची कंपनी सगळं नीट लिहिलेलं असतं. आणि अगदी खाली, बेरजेच्या वरच्या ओळीत, नुसतं "२२ इंची एलईडी". मॉडेल नाही, पॅनल (आतल्या पडद्याचा प्रकार) नाही, पोर्ट (केबल लावायच्या जागा) नाहीत.

खरं तर यादीतली सगळ्यात जास्त वर्षं टिकणारी वस्तू हीच. प्रोसेसर आणि मदरबोर्ड पाच-सहा वर्षांत बदलतात, ग्राफिक्स कार्ड बऱ्याचदा त्याच्याही आधी. धड मॉनिटर मात्र दोन पीसी सहज बघतो. म्हणून यादी उलटीकडून भरा: आधी मॉनिटर, मग त्याला पुरेल एवढं कार्ड, मग बाकीचं. एकूण बजेटचा पाव हिस्सा मॉनिटरवर गेला तरी हात आखडता घेऊ नका.

पायरी १: टेप घ्या, टेबल मोजा

इंच दुकानात ठरवायचे नसतात, घरच्या टेबलावर ठरवायचे असतात. खुर्चीत पाठ टेकून बसा आणि हात सरळ पुढे करा. बोटांची टोकं पोचतात तिथे स्क्रीन हवी. हे अंतर साधारण ६० ते ७० सेंटिमीटर भरतं.

सुताराकडून करून घेतलेली बरीच कॉम्प्युटर टेबलं दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर खोल असतात. मॉनिटरच्या स्टँडचा पाय त्यातली २० सेंटिमीटर जागा खातो. पाय भिंतीला टेकवला तरी स्क्रीन भिंतीपासून वीतभर पुढे येते. अशा टेबलावर २७ इंची मॉनिटर ठेवला की तो अंगावर येतो, कोपऱ्यातलं घड्याळ बघायलाही मान वळवावी लागते. तिथे २४ इंचीच घ्या, नाहीतर टेबल दोन फुटांचं करा, नाहीतर मॉनिटर भिंतीवर लावा. भिंतीवर लावायचा असेल तर मागच्या बाजूला वेसा माउंटची चार भोकं आहेत ना ते बघा. ती ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटर अंतरावर असतात आणि त्यात सहसा एम-४ स्क्रू बसतो. सगळ्यात स्वस्त मॉडेलांत ही भोकं कधीकधी नसतातच.

रुंदीही मोजा. २४ इंची स्क्रीन साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असते, २७ इंची ६० आणि ३२ इंची ७० सेंटिमीटर. बाजूला प्रिंटर ठेवायचा असेल तर हा हिशोब आधी करा.

पायरी २: इंचाला ठिपके किती, ते काढा

इंच आणि रिझोल्यूशन (पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके, म्हणजे पिक्सल, ते) वेगवेगळे बघून उपयोग नाही, दोन्ही मिळून एक आकडा बनतो: एका इंचात किती पिक्सल बसतात. २४ इंची फुल एचडीत (१९२० × १०८०) सुमारे ९२ बसतात. तेच फुल एचडी २७ इंचावर ताणलं की ८२ वर येतं. २७ इंची क्यूएचडीत (२५६० × १४४०) १०९, ३२ इंची क्यूएचडीत पुन्हा ९२, आणि २७ इंची फोर-केमध्ये (३८४० × २१६०) १६३.

मराठीत काम करणाऱ्यांनी या आकड्याकडे जरा जास्तच लक्ष द्यावं. देवनागरी अक्षर तीन मजली असतं: वर रफार, मात्रा, अनुस्वार, मध्ये अक्षराचा देह, खाली उकार, ऋकार. विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी करून दाखवण्याचं प्रमाण) १०० टक्के असेल तर १० पॉइंटच्या अक्षराला उंचीत जेमतेम १३ पिक्सल मिळतात आणि तीनही मजले त्यातच बसवायचे असतात. २७ इंची फुल एचडीवर एक पिक्सल ०.३१ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे अक्षराच्या कडेची पायरी सरळ दिसते. २७ इंची क्यूएचडीवर तोच ०.२३ मिलिमीटरचा होतो आणि पायरी विरघळते. फोर-केवर स्केलिंग १५० टक्के ठेवलं की त्याच अक्षराला १३ ऐवजी २० पिक्सल मिळतात. अक्षर छापल्यासारखं दिसतं.

हे तपासायला मिनिटही लागत नाही. दुकानात चालू मॉनिटरवर नोटपॅड उघडा, अक्षर १० पॉइंटचं करा आणि चार शब्द लिहा: कर्तृत्व, उद्ध्वस्त, वाङ्मय, दृष्ट्या. मग हातभर अंतरावर बसून वाचा. "कर्तृत्व"मधला वरचा रफार आणि खालचा ऋकार दोन्ही डोळे बारीक न करता दिसले पाहिजेत. "उद्ध्वस्त"च्या जोडाक्षराचा काळा गोळा होत असेल तर सातबाऱ्याचे उतारे, पत्रिका, प्रश्नपत्रिका दिवसभर टाइप करणाऱ्याने तो मॉनिटर घेऊ नये.

थोडक्यात, अभ्यास, घरकाम आणि सेवा केंद्रासाठी २४ इंची फुल एचडी. कोडिंग, ऑटोकॅड आणि गेमिंगसाठी २७ इंची क्यूएचडी, त्याला साधारण दुप्पट पैसे लागतात. डीटीपी आणि फोटोसाठी २७ इंची फोर-के. २७ इंची फुल एचडी स्वस्तात मोठा दिसतो म्हणून सर्रास खपतो, पण जवळ बसून वाचायच्या कामाला तो घेऊच नये.

"घरातला ३२ इंची टीव्हीच लावू का?" हा प्रश्न हमखास येतो. एचडी रेडी टीव्ही १३६६ × ७६८ चा असेल तर इंचाला फक्त ४९ पिक्सल भरतात. शिवाय बरेच टीव्ही कडेचं चित्र कापतात आणि रंगाची माहिती कमी करून दाखवतात. लाल अक्षरं त्यामुळे फाटल्यासारखी दिसतात. सिनेमाला ठीक, एक्सेलला नाही.

पायरी ३: आपला पीसी तेवढं चित्र ढकलू शकतो का?

फुल एचडीत सुमारे २०.७ लाख पिक्सल असतात, क्यूएचडीत ३६.९ लाख, फोर-केमध्ये ८२.९ लाख. गेम खेळताना ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचे असतात. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०६० च्या वर्गातलं कार्ड फुल एचडीला छान पुरतं. क्यूएचडीवर त्याच कार्डाला नव्या गेममध्ये सेटिंग खाली आणावी लागते. टायपिंग, ब्राउझर, टॅली यांचा असा बोजा पडत नाही. तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही पुरतं.

मात्र प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का, हे आधी बघा. इंटेलच्या नावाशेवटी "एफ" असेल, उदाहरणार्थ आय-३ १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्ये नसतं, ५६००जी मध्ये असतं. असा प्रोसेसर वेगळ्या कार्डाशिवाय घेतला तर बोर्डावर एचडीएमआयचं भोक असूनही स्क्रीन काळीच राहते. मग मॉनिटर खराब निघाला म्हणून लोक दुकानात परत जातात.

केबलचंही तसंच. मॉनिटर आणि पीसी, दोन्हीकडच्या पोर्टची आवृत्ती बघा, कारण कमी असेल तीच चालते. एचडीएमआय १.४ वरून फोर-के फक्त ३० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं या वेगाने जातं आणि माऊस चिखलातून चालल्यासारखा वाटतो. एचडीएमआय २.० वरून फोर-के ६० हर्ट्झ किंवा क्यूएचडी १४४ हर्ट्झ मिळतं. क्यूएचडी १८० हर्ट्झच्या बऱ्याच मॉनिटरना पूर्ण वेग फक्त डिस्प्लेपोर्ट १.४ वर मिळतो. खोक्यात एचडीएमआय केबल निघाली म्हणून तीच लावून बसलात तर १८० चे पैसे देऊन १४४ वापराल.

जुन्या बोर्डावर फक्त व्हीजीए असेल तर गोष्ट वेगळी. व्हीजीए हे १९८७ सालचं अ‍ॅनालॉग पोर्ट, त्यातून व्हीजीए पोर्ट नसलेल्या मॉनिटरला सरळ वायर जोडून चित्र येत नाही. मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणाऱ्या कन्व्हर्टरला सहसा यूएसबीतून वीजही द्यावी लागते. दोन टोकांची साधी केबल कुणी "चालते" म्हणून दिली तर ती तिथेच लावून दाखवायला सांगा.

पायरी ४: खोली बघून पॅनल निवडा

आयपीएस, व्हीए आणि टीएन ही एलसीडीची तीन घराणी. टीएन आता सोडून द्या. जरा खालून पाहिलं की त्याचे रंग उलटतात. आयपीएसचे रंग कुठल्याही बाजूने सारखे दिसतात, पण काळा रंग पूर्ण काळा नसतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, साधारण १०००:१. व्हीएचा काळा गडद असतो, ३०००:१ च्या आसपास, पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर काही सरकलं की मागे काळपट शेपूट ओढलं जातं. वेगवान गेममध्ये आणि डार्क मोडमधली पानं सरकवताना ते खटकतं. दिवसाउजेडी काम करणाऱ्याने आयपीएस घ्यावा. रात्री दिवे बंद करून सिनेमे बघणाऱ्याला व्हीए आवडेल.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सल स्वतः उजळतो, त्याचं चित्र या सगळ्यांहून सुंदर. पण टास्कबारसारखी एकाच जागी तासन्‌तास राहणारी गोष्ट त्यावर कायमचा ठसा उमटवू शकते आणि उष्णतेत पिक्सल लवकर झिजतात. दिवसभर टॅली उघडी ठेवणाऱ्या दुकानात तो नको.

उजेडाचा आकडा निट्समध्ये असतो. आतल्या खोलीला २५० निट्स पुरतात. समोर रस्ता, दार उघडं आणि बाहेर एप्रिलचं ऊन, अशा दुकानाला ३०० ते ३५० निट्स आणि मॅट पृष्ठभाग हवा. चकचकीत स्क्रीनमध्ये तिथे स्वतःचाच चेहरा दिसेल.

पायरी ५: खोकं नाही, स्पेसिफिकेशनचं पान वाचा

दुकानदाराकडून पूर्ण मॉडेल नंबर घ्या, शेवटच्या अक्षरासकट, आणि कंपनीच्या साइटवर तोच नंबर उघडा. एका अक्षराच्या फरकाने पॅनल बदलतं, स्टँड बदलतो, पोर्ट कमी होतात.

रंगांच्या रकान्यात "एसआरजीबी ९९ टक्के" असेल तर उत्तम, म्हणजे कॉम्प्युटरवरचे नेहमीचे रंग जवळपास सगळे दिसतात. "एनटीएससी ७२ टक्के" म्हणजेही जवळपास तेवढंच. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकन टीव्हीचं माप, म्हणून आकडा लहान दिसतो. "एनटीएससी ४५ टक्के" दिसलं तर मात्र तो मॉनिटर फक्त हिशोबाचा. लग्नाचे फोटो त्यावर फिके दिसतील, तुम्ही रंग वाढवाल आणि अल्बम भडक छापून येईल.

रिस्पॉन्स टाइमच्या "१ मिलिसेकंद" या आकड्यावर विसंबू नका. तो बऱ्याचदा एमपीआरटीचा (हलतं चित्र किती वेळ डोळ्यासमोर राहतं, त्याचा) असतो आणि बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) झपाट्याने बंद-चालू करून मिळवलेला असतो, तेव्हा उजेडही कमी होतो. जीटीजीचा (पिक्सलला एका छटेतून दुसरीत जायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा वेगळा लिहिलाय का बघा. एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र; "एचडीआर१०"चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो, तो नीट दाखवतोच असं नाही. "डिस्प्लेएचडीआर ४००" साठीही पडद्याच्या भागाभागाचा उजेड कमी-जास्त करण्याची अट नाही, म्हणून फक्त त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

हर्ट्झचं गणित सोपं आहे. ६० हर्ट्झला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ ला दर ६.९ ने. हा फरक डोळ्याला आणि हाताला लगेच कळतो. १६५ आणि १८० मधला फरक मात्र फार थोड्यांना कळेल. साध्या कामालाही १०० हर्ट्झ मिळत असेल तर घ्या, पान सरकवताना डोळ्याला बरं वाटतं. उंची कमी-जास्त होणारा स्टँड मिळाला तर तोही घ्या. मॉनिटरखाली गाइडची चळत ठेवावी लागत नाही.

पायरी ६: खरेदी आणि वाहतूक

वॉरंटी बहुतेक नामांकित मॉनिटरना तीन वर्षांची असते, पण ती कुठे मिळते ते महत्त्वाचं. घरी येऊन दुरुस्ती की सेंटरवर नेऊन द्यायचा? जवळचं सेंटर कुठे? हिंगोली किंवा धाराशिवचा पिन कोड कंपनीच्या साइटवर टाकून बघा. संभाजीनगर किंवा पुण्याला न्यावा लागणार असेल तर मूळ खोकं आणि थर्माकोल तीन वर्षं माळ्यावर जपून ठेवा. बिल पक्कं घ्या. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर आणि जीएसटी हवाच. मागच्या लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि "आर-"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. फारच स्वस्त, नाव न ऐकलेल्या मॉनिटरवर तो नसेल तर नव्या बॉडीत जुनं पॅनल असण्याची शंका घ्या.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल आणणार असाल तर एकच गोष्ट पक्की करा: खोकं उभंच राहिलं पाहिजे, बाणाच्या दिशेने. आडवं टाकून वर दुसऱ्या बॅगा रचल्या की पॅनल मधोमध तडकतं आणि बाहेरून खोक्याला ओरखडासुद्धा नसतो. अशी तुटफूट वॉरंटीत धरत नाहीत. ऑनलाइन मागवलात तर खोक्याच्या सहाही बाजू, सील फोडणं आणि पहिल्यांदा चालू करणं, हे सगळं एका सलग व्हिडिओत घ्या.

बाहेर काढताना काचेवर अंगठा दाबू नका. स्टँड आणि खालची कड धरून उचला.

पायरी ७: पहिल्या दिवशीची तपासणी

केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नाही. बोर्डाची पोर्ट वरच्या बाजूला उभ्या ओळीत असतात, कार्डाची खाली आडवी. नव्याने जोडणाऱ्याची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि हर्ट्झ बदला. १८० चा मॉनिटरसुद्धा पहिल्यांदा सहसा ६० वर चालू होतो. वर्षवर्ष तसाच वापरणारे लोक कमी नाहीत. काळा रंग राखाडी दिसत असेल तर कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज "लिमिटेड"वरून "फुल" करा. मॉनिटरच्या मेनूतला ओव्हरड्राइव्ह (पिक्सल लवकर बदलायला लावणारी सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. शेवटच्या पायरीवर सरकणाऱ्या वस्तूभोवती फिकट कडा दिसू लागतात. ब्राइटनेस १०० वर येतो, तो समोर धरलेल्या पांढऱ्या कागदाच्या उजेडाशी जुळेपर्यंत खाली आणा.

डेड पिक्सल, म्हणजे बंद पडलेले ठिपके, शोधायला पेंटमध्ये पूर्ण लाल, हिरवं, निळं, पांढरं आणि काळं अशी पाच चित्रं बनवा आणि एकेक पूर्ण स्क्रीनवर बघा. काळं चित्र रात्री दिवे घालवून बघा. कोपऱ्यातला प्रकाश डोकं हलवल्यावर सरकला तर तो आयपीएसचा स्वभाव आहे. एकाच जागी पिवळट डाग राहिला तर बॅकलाइट गळतोय. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरकून घ्या, कारण एकदोन डेड पिक्सलसाठी बऱ्याच कंपन्या वॉरंटीत मॉनिटर बदलून देत नाहीत.

डिस्प्लेपोर्ट लावल्यावर पीसी चालूच होत नसेल तर केबल बदलून बघा. सदोष केबलमध्ये विसावी पिन जोडलेली असते आणि मॉनिटरकडून ३.३ व्होल्ट उलटे कार्डात जातात.

पायरी ८: वीज, ऊन, धूळ

मॉनिटरचा अ‍ॅडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्यामुळे व्होल्टेज पडल्याने त्याचं काही बिघडत नाही, वेगळा स्टॅबिलायझर नको. धोका लाइट परत येतानाच्या झटक्याचा आणि न्यूट्रल तुटल्यावर वाढणाऱ्या व्होल्टेजचा. २४ इंची मॉनिटर २०-२५ वॉट घेतो, २७ इंची क्यूएचडी ४० च्या आसपास. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर; पॅनलच्या व्हीएशी संबंध नाही) यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. साध्या पीसीला तो पुरतो. कार्डवाल्या पीसीला ११०० व्हीए बघा.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? अर्थिंग नाही. अशा वेळी मल्टिमीटरवर कॅबिनेट आणि जमीन यांच्यात शंभराच्या वर व्होल्ट दिसतात, कारण एसएमपीएसमधले (पीसीच्या पॉवर सप्लायमधले) फिल्टर कॅपॅसिटर अर्थ नसला की बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर ठेवतात. त्या अवस्थेत चालू पीसीला एचडीएमआय केबल लावली तर पोर्ट जळू शकतं. पीसी आणि मॉनिटर एकाच थ्री-पिन एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, केबल दोन्ही बंद असताना लावा, आणि आधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडकडू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

बहुतेक मॉनिटरची चालण्याची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे सावलीतच त्याच्या वर पारा जातो, पत्र्याच्या खोलीचं तर विचारूच नका. दुपारी ब्राइटनेस उतरवा, मागे चार बोटं जागा सोडा. कूलरचा झोत सरळ मॉनिटरवर घेऊ नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार स्क्रीनवर वाळले की पांढरे ठिपके पडतात आणि मागच्या जाळीतून आत गेले की बोर्ड गंजतो.

पुसायला काच पुसायचा निळा स्प्रे आणि नळाचं पाणी दोन्ही नको. स्प्रेमुळे मॅट थर खराब होतो, पाण्याने क्षार बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घरात असतंच. सीलबंद बाटलीतलं ते पाणी मायक्रोफायबरच्या फडक्यावर दोन थेंब घ्या, मॉनिटर बंद करून हलकेच पुसा. थेंब स्क्रीनवर थेट टाकू नका; तो ओघळून खालच्या पट्टीत शिरतो आणि बऱ्याच पॅनलच्या रिबन (आतल्या पातळ चपट्या केबल) तिथेच असतात.